उशिरा उठणारी बंदूक

जावयाला कुणी अंगठी देतं, कुणी स्कूटर देतं. मला माझ्या सासऱ्यांनी बंदूक दिली. लग्नात नव्हे, लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर, कलेक्टर कचेरीतून रीतसर परवाना माझ्या नावावर करून दिली.

माझे सासरे रुद्राप्पा हे जयसिंगपूरचे तंबाखूचे व्यापारी. मी त्यांना मामा म्हणतो. दुकानात एकेक शब्द तोलून बोलणारा हा माणूस बंदुकीचा विषय निघाला की तंबाखूच्या पोत्यावर बसल्या बसल्या विरघळायचा. बंदूक तशी साधी, बारीक गोळीची, पॉइंट टू-टूची म्हणतात ती, नेमबाजीच्या क्लबात असते तसली. पण मामांनी ती इतकी वर्षं आणि इतकी मनापासून वापरली होती की दस्त्याचं लाकूड त्यांच्या गालाच्या आकाराचं झालं होतं. माझा गाल तिथं बसेना. मामांचा गाल भरलेला, माझा मास्तरकीचा.

"मास्तर," बंदूक माझ्या हातात देताना ते म्हणाले, "हिला कपाटात कोंडू नका. क्लबात न्या, वाजवा. वर्षाची स्पर्धा लागंल तवा मी येतो कोल्हापूरला. दिसायचं न्हाय मला, पर ऐकू तर येतंय की. हिचा आवाज ऐकतो आन् जातो. आन् वाजत नसंल तर सरकारात जमा करून टाका. मुकं हत्यार घरात नको."

शेवटचं वाक्य ते सहज बोलले, पण माझी बायको विद्याश्री तेव्हा चहाचे कप आवरत होती ती थांबली. घरी परत येताना तिनं सांगितलं की लहानपणी संध्याकाळी मळ्याच्या बाजूनं ह्या बंदुकीचा आवाज यायचा. आवाज थांबला की आई भाकरी थापायला बसायची, कारण अप्पा आता घरी निघाले हे कळायचं. "तेव्हा ती वाजायला पाहिजे," एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. भूगोल हा विषयच असा आहे की माणूस कोल्हापुरात उभा राहून भलतीकडे असू शकतो. मोसमी वारे शिकवताना मी त्यांच्याबरोबर अरबी समुद्रावर जातो आणि घंटा झाली की वर्गात परत येतो. मधल्या वेळात पोरं काय करतात ते हेडमास्तरांनाच माहीत. घरचे ह्याला तंद्री म्हणतात. परवान्याच्या चौकशीसाठी पोलीस आले तेव्हा त्यांनी आमच्या घरमालकीण अंबूबाईंना विचारलं होतं, मास्तर तापट आहेत का. अंबूबाई म्हणाल्या, "राग यायला माणूस आधी जागा पायजे की." हे वाक्य हवालदारांनी लिहून घेतलं आणि परवाना मंजूर झाला. अशा रीतीनं माझ्या अंगी असलेला एकुलता एक सद्गुण सरकारदफ्तरी नोंदला गेला.

क्लबाचं रेंज शहराबाहेर माळावर आहे. समोर बसक्या हत्तीसारखी टेकडी, तिच्या पायथ्याशी कार्डं लावायच्या चौकटी, अलीकडे पालथं पडून नेम धरायच्या चटया. तिथले सर्वेसर्वा सुभेदार चौगुले लष्करातून निवृत्त होऊन आलेले. त्यांचा आवाज असा की त्यांनी "बसा" म्हटलं तरी माणूस उठून उभा राहायचा. दसरा नुकताच झाला होता. गवताची टोकं पिवळी पडायला लागली होती. मी चटईवर पालथा झालो, गोळी भरली, श्वास धरला आणि चाप ओढला.

टिक.

"हलू नका," सुभेदार म्हणाले. "गोळी कवा कवा उशिरा फुटती. नळी समोर धरा आन् मी सांगंपर्यंत गप पडून ऱ्हावा."

मी गप पडून राहिलो. आणि खरं सांगतो, इतकं सुख मला वर्षानुवर्षं लाभलं नव्हतं. पोटाखाली उबदार जमीन. नाकासमोर गवताची एक काडी आणि तिच्यावर चढणारी मुंगी. लांब समोर कार्डावरचा काळा गोल. बघता बघता तो गोल डोंगरातलं तळं झाला. मी फार उंचावरून त्या तळ्याकडे बघत होतो, आणि तळ्याच्या काठानं गुरं पाण्याला उतरत होती, आणि कुठल्या तरी गावात माझी वाट बघत कुणी दार उघडं ठेवलं होतं.

"मास्तर. ओ मास्तर. झोपला काय?"

त्या दिवशी बंदूक दोनदा वाजली आणि बाकीच्या वेळी टिक झाली. प्रत्येक टिकीला सुभेदार थांबायला लावत आणि मी प्रत्येक वेळी तळ्यावर जाऊन येई. परत निघताना सुभेदारांनी एक न फुटलेली गोळी माझ्या तळहातावर ठेवली. टू-टूच्या गोळीला ठोका बुडाच्या मध्यावर नसतो, कडेला असतो. ह्या गोळीच्या कडेला बंदुकीनं नख लावल्यासारखी नुसती खूण केली होती.

"हिच्या ठोक्यात जीव न्हाय," सुभेदार म्हणाले. "दुरुस्त करा. स्पर्धेत असलं चालायचं न्हाय. मागच्यांचा खोळंबा हुतो."

घरी येऊन मी ही गोष्ट फक्त विद्याश्रीला सांगितली. चहाच्या वेळेपर्यंत ती सगळ्या कॉलनीला माहीत होती.

पहिले आले ते शेजारचे आण्णा. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते आणि जगातल्या कुठल्याही यंत्राकडे बिघडलेली एस. टी. म्हणूनच बघायचे. त्यांनी बंदुकीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, मागेपुढे केला, कान लावून ऐकला आणि निकाल दिला, "कोरडी पडलीया. तेल मागतीया."

"कसलं तेल?"

ह्यावर आण्णांचं उत्तर येण्याआधी खालून अंबूबाई वर आल्या होत्या. त्यांच्या मते तेल म्हणजे खोबरेल. शिलाई मशीनला त्या खोबरेल घालत, फाटकाच्या बिजागरीला घालत, केसांना तर घालतच. "माझं मशीन बत्तीस वर्षं झाली, कधी टिक म्हणालं न्हाय," असं म्हणून त्यांनी आपली बाटलीच आणून दिली. सल्ल्याबरोबर बाटलीही मिळाली की नाही म्हणायला फार धैर्य लागतं. मी बोल्ट बाहेर काढला आणि न्हाऊ घातला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी रेंजवर गेलो आणि बंदूक वाजली. पुन्हा वाजली. भरलेली प्रत्येक गोळी वाजली. टेकडीवरून आवाज परत येऊन माझ्या पाठीवर थाप मारत होता. मी घरी येऊन अंबूबाईंना पेढे दिले, आण्णांनाही दिले, कारण तेल हा शब्द प्रथम त्यांनी उच्चारला होता. जयसिंगपूरला फोन केला. मामा फोनवर नुसते हसले. मनाच्या कोपऱ्यात मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, कारण तळ्यावर जायला काही सवडच मिळाली नव्हती. पण ते मी कुणाला बोललो नाही.

मग थंडी पडली.

कोल्हापूरच्या थंडीला बाहेरचे लोक हसतात. त्यांनी पहाटे माळावर पालथं पडून बघावं. क्लबाचा सराव सकाळी असे. मी गेलो, चटईवर आडवा झालो, चाप ओढला. टिक. पुढची, टिक. त्याच्या पुढची, टिक. ऊन वर चढलं, सगळे चहाला उठले, आणि मी सहज म्हणून चाप ओढला तर ठाप. मग मात्र दुपारपर्यंत एकही गोळी चुकली नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं, बंदुकीकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, ही तुमच्याच घरची शोभतीया. उशिरा उठती."

कारण विद्याश्रीच्या ध्यानात आलं, तेही बंदुकीजवळ नव्हे, न्हाणीत. केसांना लावायला तिनं खोबरेलची बाटली उलटी केली आणि तेल काही पडेना. ते आत मेणासारखं गोठून बसलं होतं. तिनं बाटली माझ्यासमोर टेबलावर उलटी धरली.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? बोल्ट धुऊन दुसरं तेल घातलं असतं. पण अंबूबाई घरमालकीण. त्या रोज जिन्यात विचारत, "काय म्हंतंय माझं तेल?" त्यांच्या तेलानं बंदूक गोठली हे त्यांच्या तोंडावर कोण सांगणार? मी मधला मार्ग काढला. बंदूक उबदार ठेवायची. शाळा सकाळची नसेल त्या दिवशी मी ती गच्चीवर नेई, सतरंजीवर ठेवी आणि शेजारी बसून पेपर तपासत तिला ऊन दाखवी. पौषातलं ऊन अंगावर पसरलेलं, समोर पंचगंगेच्या बाजूला उसाच्या फडांवर निळसर धूर, कुठून तरी गुऱ्हाळाचा गोड वास. पेपरात एका मुलानं हिमालय सातारा जिल्ह्यात घातला होता. मला ते चूक वाटेना. मी त्याला मार्क दिले आणि बंदुकीला टेकून डोळे मिटले.

समोरच्या इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं होतं. त्यांनी खिडकीतून बघितलं, तर समोरच्या गच्चीवर एक गृहस्थ बंदूक उराशी धरून रस्त्याकडे तोंड करून बसले आहेत आणि हालचाल करत नाहीत. त्यांनी पोलिसांना फोन केला ह्यात त्यांचा काही दोष नाही.

जाग आली तेव्हा पायाशी हवालदार उभे होते.

"पावणं, बंदूक घिऊन गच्चीवर काय करताय?"

"ऊन दाखवतोय."

"कुणाला?"

"बंदुकीला."

हवालदारांनी आपल्या सोबत्याकडे बघितलं. सोबत्यानं मान फिरवली. परवाना खिशातच होता, तो मी दाखवला. तरी चौकीवर चला म्हणाले. मी सतरंजीत गुंडाळलेली बंदूक घेऊन मध्ये, दोघे पोलीस दोन बाजूंना, अशी आमची मिरवणूक जिन्यातून खाली आली. आण्णा फाटकात उभे होते. "मास्तर, बोल्ट हलका चालतोय न्हवं?" त्यांनी विचारलं. शाळेला निघालेली नववीची काही मुलं सायकली थांबवून उभी राहिली. नेहमी मी दिसलो की ती पळतात. त्या दिवशी त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

चौकीत जबाब लिहायचा होता. हवालदार मोठ्यानं म्हणत लिहू लागले, "सदर बंदूक थंडीने आखडल्या कारणाने..." आणि थांबले. "मास्तर, हे साहेबांनी वाचलं तर मला बी आखडवतील. दुसरं काय कारण सांगा की."

मी प्रामाणिकपणे खोबरेल तेलाची हकीकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि लिहिलं, "साफसफाईकरिता." मग पेन ठेवून म्हणाले, "आन् असं बगा, लोकसभेची निवडणूक लागलीया. सगळ्यांची हत्यारं जमा करून घ्यायचा हुकूम आलाय. तुमी आलाच हाईसा, तर ठेवूनच जावा. पुना हेलपाटा नको."

अशा प्रकारे मामांची बंदूक सरकारात जमा झाली. मुकी म्हणून नव्हे, लोकशाहीसाठी. पावती घेऊन रिकामी सतरंजी खांद्यावर टाकून मी घरी आलो. विद्याश्री दारात होती. तिनं सतरंजी हातात घेतली, झटकली आणि म्हणाली, "अप्पांना सांगू नका." क्लबाची स्पर्धाही पुढे ढकलली गेली, कारण निम्म्या नेमबाजांच्या बंदुका चौकीतच होत्या.

ते दोन महिने फार विचित्र गेले. मी सकाळी सवयीनं उठे आणि करायला काही नसे. मामा फोनवर विचारत, "वाजतीया न्हवं?" मी म्हणे, "ती जिथं आहे तिथं बरी आहे." हे उत्तर त्यांना आवडे. मला स्वप्नं पडत. एका स्वप्नात बंदूक चौकीच्या बाकावर कोपरं टेकून बसली होती आणि हवालदार तिला चहा विचारत होते. विद्याश्रीला सांगितलं तर ती म्हणाली, "चहात साखर घालत्यात का विचारायचं होतं." ती गंभीर होती. तिलाही बहुधा स्वप्नं पडत असावीत.

निकाल लागले, सरकार आलं, बंदूक परत मिळाली. खोबरेल आता वितळलं होतं, पण चौकीतली सगळी धूळ त्यात बसून त्याची खळ झाली होती. बोल्ट हलेना. सुभेदारांनी सांगितलं, स्पर्धा उन्हाळी सुट्टीत आहे. मामांच्या एका डोळ्याचं ऑपरेशनही त्याच सुमारास कोल्हापुरात ठरलं होतं. आता बोल्ट खोलून धुण्याला पर्याय नव्हता.

आण्णांनी रॉकेलचा डबा आणला, गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं आणि मला खोलायला बसवलं. "काढलेलं ओळीनं ठेवायचं. बसचं इंजिन असंच खोलत्यात," ते म्हणाले. सगळं ओळीनं ठेवलं. मी मागचा भाग फिरवला. आतून काहीतरी माझ्या कानाजवळून भुर्र गेलं आणि गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं.

"स्प्रिंग," आण्णा शांतपणे म्हणाले. "ती सांभाळून काढायची असती."

खाली अंगणात अंबूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. साड्यांवर साड्या अंथरून सगळं अंगण पांढऱ्या वेटोळ्यांनी भरलं होतं. कुरडई म्हणजे वेटोळं, स्प्रिंग म्हणजे वेटोळं. मी कठड्यावरून खाली बघितलं आणि मला मामांचा चेहरा दिसला.

अंबूबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी विद्याश्रीला बसवलं, शेजारच्या तानाबाईंना बोलावलं, आणि तिघी उन्हात बसून एकेक कुरडई उचलून बघू लागल्या. ओल्या कुरडया उचलता येत नव्हत्या, त्यांना नुसतं निरखायचं. मलाही एक साडी मिळाली होती. त्या पांढऱ्या वेटोळ्यांकडे बघता बघता मला वाऱ्याची चक्रं दिसू लागली, समुद्रावर फिरणारी, नकाशात काढतात तशी. मी त्यांच्यातल्या एकाच्या मध्यावर जाऊन थांबलो, तिथं म्हणे अगदी शांत असतं. विद्याश्रीनं माझ्या हातातली कुरडई काढून घेतली. मी ती बराच वेळ तशीच धरून बसलो होतो आणि ती हातातच पुरती वाळली होती.

स्प्रिंग मिळाली नाही. कुरडया वाळल्या, डब्यात गेल्या. पाडव्याला अंबूबाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. आम्ही पंगतीत बसलो होतो. अंबूबाई आत तळत होत्या. तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला, "विद्याश्री, ही एक फुगंना झालीया."

तळून निघालेली स्प्रिंग झाऱ्यावर घेऊन त्या बाहेर आल्या. आण्णा जेवणावरून उठले, स्प्रिंग झाऱ्यासकट दिव्याकडे धरून बघितली आणि म्हणाले, आता ती टेंपर झाली, पहिल्यापेक्षा दणकट. तानाबाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि ती अजून गरम आहे, हात भाजेल, एवढंच सांगितलं. मी मात्र पुन्हा शेजारच्या शहाणपणाच्या वाटेला गेलो नाही. बोल्ट, गोळीला ठोका देणारी पिन आणि तळलेली स्प्रिंग डब्यात घालून, परवाना बरोबर घेऊन, शहरातल्या परवानाधारक बंदूकवाल्यांकडे नेऊन दिली.

हे गृहस्थ बोलके. दुकानात बंदुकांपेक्षा फटाके आणि कॅरमचे स्ट्रायकर जास्त. त्यांनी आधी आपल्या आजोबांच्या हातची कामं सांगितली, मग वडिलांच्या हातची सांगितली, आणि स्वतःच्या हातचं काम पुढच्या सोमवारी देतो म्हणाले. बरेच सोमवार गेले. दर सोमवारी मी चहा पिऊन त्यांच्या घराण्याची आणखी एक पिढी ऐकून येई. शेवटी एका सोमवारी विद्याश्री माझ्याबरोबर आली. ती नुसती काउंटरसमोर स्टूल ओढून बसली. त्यांनी पिन भिंगाखाली धरली. टोक पार बोथट झालं होतं.

"रिकामी बंदूक लय वाजवलीया कुणीतरी," ते म्हणाले. "गोळी नसताना चाप ओढला की पिन नळीच्या कडेवर आपटती. झिजती मग."

विद्याश्री एकदम म्हणाली, "आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा वाजवायचा. चहा होईपर्यंत. अप्पा हौसेनं द्यायचे हातात."

म्हणजे बंदूक मामांनी झिजवली नव्हती, त्यांच्या पाहुणचारानं झिजवली होती. जयसिंगपुरात त्यांच्या घरी आलेला माणूस रिकामा कधी जात नसे, आणि त्या प्रत्येकानं थोडं थोडं टोक नेलं होतं. बंदूकवाल्यांनी नवी पिन बसवली, नवी स्प्रिंग घातली, पातळ तेलाचा एकच थेंब सोडला, आणि जुनी स्प्रिंग "आजोबांच्या वेळचं काम" म्हणून काचेच्या कपाटात ठेवून घेतली. ती कुरडयांबरोबर तळलेली आहे हे आम्ही सांगितलं नाही.

सरावात बंदूक पहाटे वाजली, दुपारी वाजली. पुन्हा एकदाही टिक झाली नाही. मग एक नवीनच गोष्ट माझ्या लक्षात आली. इतके दिवस माझं कार्ड खराब आलं की लोक म्हणत, बंदूक धड नाही, मास्तर काय करणार. आता कार्ड खराब आलं की लोक काहीच म्हणत नसत.

स्पर्धेच्या दिवशी मामा आले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हिरवं फडकं, त्यावर काळा चष्मा, दुसऱ्या डोळ्यानं नुसता उजेड. विद्याश्रीनं त्यांना माझ्या चटईमागं खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाजूला उभी राहिली. मामांनी बंदूक मागितली. दस्त्यावरून हात फिरवला, गाल लावून बघितला, आणि परत माझ्या हातात दिली.

"रिकामी वाजवून बघू काय?" ते म्हणाले.

"नको," मी आणि विद्याश्री एकदमच म्हणालो.

माझी सहा नंबरची चटई. सात नंबरला वारणानगरची पूर्णिमा म्हणून कॉलेजची मुलगी, मागच्या वर्षी पदक मिळवलेली. वैशाखातली सकाळ होती, माळ तापायला लागला होता आणि टेकडी उन्हात किंचित हलत होती. सुभेदारांनी हुकूम दिला. मी श्वास धरला.

ठाप.

मागं मामांची खुर्ची करकरली. "हाय," ते हळूच म्हणाले.

ठाप. "हाय." ठाप. "हाय." मी भरत होतो, ओढत होतो, आणि प्रत्येक आवाजामागं तो हलका शब्द येत होता, झोपेत कुणी हुंकार द्यावा तसा. मला थांबायला कुणी लावत नव्हतं. तरीही, कसं कोण जाणे, समोरचा काळा गोल पुन्हा तळं झाला. मी उंचावर होतो. गुरं काठाला उतरली होती. मळ्याकडून आवाज येत होते आणि कुठल्या तरी घरात कुणी पीठ मळायला घेतलं होतं. इतका निवांत, इतका स्थिर मी जन्मात कधी नव्हतो. शेवटची गोळी केव्हा गेली तेही मला कळलं नाही.

मागं वळून बघितलं तर मामांनी चष्मा काढला होता आणि विद्याश्री पदराच्या टोकानं त्यांचा गाल पुसत होती. डॉक्टरांनी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही असं सांगितलं होतं.

कार्डं आली. सुभेदारांनी माझं कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, उजेडाला धरलं.

"मास्तर, कोरं हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे ह्याच्या पाठीमागं घरचा हिशेब लिहा. एक भोक न्हाय."

आणि त्याच वेळी सात नंबरवर गलका झाला. पूर्णिमाच्या कार्डावर असायला हवीत त्याच्या दुप्पट भोकं होती. निम्मी वरच्या अंगाला पसरलेली, आणि बाकीची बरोब्बर मध्यावर, एका जागी, जणू कुणी तंबाखूच्या चिमटीएवढ्या जागेत मोजून टोचली असावीत. तिचे सर म्हणू लागले की सगळी आमचीच धरा. पण ती मुलगी सरळ. "मधली माझी न्हाईत, सर," ती म्हणाली. "माझी रायफल आज वर मारतीया. मधली ह्या काकांची हाईत."

सुभेदारांनी नियम वाचून दाखवला. दुसऱ्याच्या कार्डावर मारलेल्या गोळ्यांना गुण नाहीत. पूर्णिमाला पुन्हा संधी मिळाली. मला शून्य मिळालं, आणि ते सुभेदारांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात जाहीर केलं, म्हणजे टेकडीपलीकडच्या गावालाही कळलं. सगळे हसले. मी चटई गुंडाळायला लागलो. ती नीट गुंडाळली जाईना.

"ते कार्ड आणा हिकडं," मामा म्हणाले.

सुभेदारांनी पूर्णिमाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. मामांनी बोटांच्या टोकांनी कागद चाचपला. बोट मधल्या फाटक्या जागेवर आलं आणि आरपार गेलं. तिथंच त्यांनी ते थोडा वेळ ठेवलं.

"एका ठिकाणी गेल्यात की सगळ्या," ते म्हणाले. "आन् एक बी मुकी न्हवती."

"पण कार्ड दुसऱ्याचं होतं, मामा."

"ते मी इचारलं न्हाय." त्यांनी कार्ड घडी करून खिशात ठेवलं. "आता ही जमा करायची न्हाय, मास्तर. तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे."

विद्याश्रीनं माझ्या हातातून चटई घेतली आणि एका दमात गुंडाळली. "नेम चांगला आहे तुमचा," ती म्हणाली, "थोडं बघून धरायचा." लग्न झाल्यापासून तिनं माझी एवढी स्तुती केली नव्हती.

परत जायला आम्ही मोठ्या रस्त्यावर आलो. मी पुढं, गवसणीतली बंदूक खांद्याला. मागून विद्याश्री मामांचा हात धरून. मी एका आंब्याच्या सावलीत उभा राहिलो. आवाज अजून कानांत होता. एस. टी. आली, मी हात केला, ती थांबली. विद्याश्री काहीतरी म्हणत होती, पण मामांना पायरी दिसत नव्हती आणि त्यांना चढवण्यात ते राहून गेलं. खिडकीजवळची जागा मिळाली. वारा छान येत होता. बरंच अंतर गेल्यावर कंडक्टर आले.

"तीन, कोल्हापूर," मी म्हणालो.

कंडक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "कोल्हापूर मागं ऱ्हायलं, पावणं. गाडी आजऱ्याला चाललीया. रस्त्याच्या त्या बाजूला उभं ऱ्हायचं हुतं."

विद्याश्रीनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. पुढच्या थांब्यावर उतरावं म्हणून मी उठायला लागलो, तर मामांनी न बघताच माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आजऱ्याला माझं एक जुनं गिऱ्हाईक हाय," ते म्हणाले. "लय वर्सं झाली बगून. चला, जाऊन येऊ." आणि कंडक्टरांकडे तोंड करून, "तीन द्या. बंदुकीला तिकीट लागतंय काय?"

"न्हाई लागत."

"मग तिला खिडकीपाशी बसवा," मामा म्हणाले, आणि मी सरकून जागा केली.